ऑफिसचा फोन सर्व्हर बदलला त्याच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

ऑफिसचे सगळे फोन जोडणाऱ्या जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर खराब झालेल्या सेक्टरांचा आकडा मार्चमध्ये ८ होता. आज सकाळी पाहिला तर ९६. आता टाळाटाळ बंद.

आमचं ऑफिस सांगलीत. ठिबक सिंचनाचं साहित्य विकतो. एकूण ३४ फोन, त्यातले ६ कुपवाड एमआयडीसीतल्या गोडाऊनला. जुनं यंत्र जानेवारी २०२० मध्ये बसवलेलं: सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर फ्रीपीबीएक्स १५ (सेटिंगचा पडदा), आत प्रत्यक्ष कॉल जोडणारं अ‍ॅस्टेरिस्क १६. यातल्या सेंटओएस ७ ची अपडेट मिळायची मुदत ३० जून २०२४ ला संपली, अ‍ॅस्टेरिस्क १६ ची त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०२३ ला. हे मी दर दिवाळीला मालकांना सांगायचो आणि ते दर दिवाळीला म्हणायचे, "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावताय?" ९६ हा आकडा दाखवल्यावर मात्र दोन मिनिटांत हो म्हणाले.

वेळही बरी आहे. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेली, ऑक्टोबरची फळ छाटणी लांब आहे. द्राक्षवाल्यांचे फोन या दिवसांत निम्म्यावर येतात.

नवीन यंत्रावर न्यायच्या गोष्टी: एक्स्टेंशन (प्रत्येक फोनचा आतला नंबर), लाइनचं सेटिंग, "मराठीसाठी एक दाबा" वाला मेनू, त्यातले सगळे आवाज, आणि साडेपाच वर्षांची कॉल रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग सोडून चालत नाही. आमच्याकडे निम्म्या ऑर्डरी तोंडी येतात. "मी सोळा एमएम सांगितलं होतं, तुम्ही बारा पाठवलं" असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो आणि तेव्हा तो कॉल काढून ऐकावा लागतो.

१८ जून

खरेदी. वापरलेला पण बऱ्या स्थितीतला छोटा डेस्कटॉप, १६ जीबी मेमरी, १७,५०० रुपये. १ टीबीची एसएसडी ५,६००. दुसरं नेटवर्क कार्ड ८५०, कारण लाइन देणाऱ्या कंपनीचा डबा ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या कार्डावर जोडलेला आहे. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य.

२१ जून, शनिवार

डेबियन १२ (हेही लिनक्सच) टाकलं, त्यावर फ्रीपीबीएक्स १७. त्यांची इन्स्टॉल स्क्रिप्ट एकदा चालू केली की आपण चहा पिऊन यायचं. मला तासभर लागला. डेबियन टाकताना वेळेच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागणार आहे.

मग जुन्या यंत्रावरून सेटिंगचा बॅकअप घेतला आणि नवीनवर रिस्टोअर केला. पडद्यावर "पूर्ण" आलं, एक्स्टेंशनची यादी उघडली, सगळी नावं दिसली. खूश होऊन टेबलवरचा एक फोन जोडायला गेलो, तर जोडेचना.

कारण असं. जुन्या यंत्रावर सगळे फोन चॅन-सिप या जुन्या ड्रायव्हरवर (फोन जोडून घेणाऱ्या भागावर) होते. तो ड्रायव्हर अ‍ॅस्टेरिस्क २१ पासून काढूनच टाकलाय आणि फ्रीपीबीएक्स १७ त्याला ओळखही देत नाही. आता जे आहे ते पीजेसिप. रिस्टोअर करतानाच चॅन-सिपची एक्स्टेंशन पीजेसिपमध्ये बदलून घेण्याचा पर्याय असतो, तो मी लावला नव्हता. यादीत नावं दिसत होती, पण मागे काही नव्हतं. घरावर पाटी आहे आणि आत कोणी राहत नाही, तसं. परत रिस्टोअर केलं, पर्याय लावून. पासवर्ड जसेच्या तसे आले. चाचणीच्या फोनमध्ये नवीन सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट (सर्व्हर ज्या दारावर ऐकतो त्याचा क्रमांक) ५०६० हाताने भरलं, जोडला गेला, पलीकडे रिंग वाजली.

"हाताने भरलं" हेसुद्धा पुढे लागणार आहे.

वेळ: ७ तास, त्यातले ३ वाया.

२४ जून

रेकॉर्डिंगची पहिली खेप. १ लाख १० हजार फाइली, २१२ जीबी. अ‍ॅस्टेरिस्कची साधी वेव्ह फाइल सेकंदाला १६,००० बाइट खाते, म्हणजे मिनिटाला एक एमबीला थोडी कमी.

आरसिंकने (लिनक्सचं कॉपी करायचं साधन) संध्याकाळी ६ ला कॉपी लावली. दोन तासांत उरकेल असं वाटलं होतं. रात्री १० ला घरून पाहिलं तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. ११ हा आकडा दिसला की समजायचं, कुठेतरी १०० मेगाबिटची लाइन आहे. सकाळी येऊन कार्डाची माहिती काढली, खरंच १०० वर उतरलेलं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. मी कपाटातून काढलेल्या जुन्या केबलच्या टोकाला एक तार आतून तुटलेली होती, बाहेरून पत्ता लागत नव्हता. नवीन केबल १२० रुपये. तोवर कॉपी त्या १०० वरच संपलीही होती, त्यामुळे १२० रुपये पुढच्या खेपेसाठी.

२८ जून, शनिवार

नवीन यंत्रावर कॉल रिपोर्टचं पान उघडलं. जुने कॉल दिसतात (त्यांच्या डेटाबेसचा वेगळा डम्प, म्हणजे पूर्ण नक्कल, काढून आणला), पण एकही रेकॉर्डिंग वाजत नाही.

पहिली चूक: आरसिंकला जुन्या फोल्डरचा पत्ता देताना शेवटची तिरकी रेघ मी दिली नव्हती. ती रेघ असेल तर फोल्डरच्या आतला माल जातो, नसेल तर फोल्डर स्वतःच उचलून जातं. त्यामुळे मॉनिटर (रेकॉर्डिंग ठेवायच्या) फोल्डरच्या आत आणखी एक मॉनिटर फोल्डर, आणि सगळी वर्षं त्याच्या पोटात. एकाच डिस्कवर हलवायचं असल्याने सेकंदात झालं. पोटात गोळा आला होता तेवढंच.

तरी वाजेना. दुसरी गोष्ट: फाइलींची मालकी. लिनक्स मालकाचं नाव नाही, क्रमांक लक्षात ठेवतं. अ‍ॅस्टेरिस्कच्या वापरकर्त्याचा क्रमांक दोन्ही यंत्रांवर वेगळा होता, आणि मी आरसिंकला क्रमांक जसेच्या तसे ठेवायला सांगितलं होतं. कुठल्या तरी लेखात वाचलं होतं म्हणून. नवीन यंत्राच्या दृष्टीने त्या फाइली कोणा तिऱ्हाइताच्या होत्या. पूर्ण मॉनिटर फोल्डरची मालकी बदलली आणि वाजल्या.

एक लक्षात ठेवण्यासारखं: रिपोर्टचं पान फाइल कुठे आहे ते फाइलच्या नावातल्या तारखेवरून काढतं. नावात २०२३०४१२ असेल तर २०२३ मध्ये ०४ मध्ये १२ या फोल्डरमध्ये जाऊन बघतं. नीटनेटकं दिसावं म्हणून फाइलींची नावं बदलायचा मोह झाला तर आवरा.

१ जुलै

न विचारता केलेला शहाणपणा. २०२० सालच्या फाइली छोट्या कराव्यात म्हणून त्या वेव्ह-४९ मध्ये बदलल्या. आत जीएसएम (जुन्या मोबाइलची आवाज दाबायची पद्धत) असतं, आकार दहावा हिस्सा. ३५ जीबीचे साडेतीन जीबी झाले. आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण कळतो.

आणि २०२० चं सगळं रिपोर्टमधून गायब. वेव्ह-४९ फाइलच्या नावाचं शेपूट (टिंबानंतरची अक्षरं) अ‍ॅस्टेरिस्क कॅपिटल अक्षरांत लिहितं, साध्या वेव्हचं छोट्या अक्षरांत. लिनक्सला ही दोन नावं वेगळी. डेटाबेसमध्ये प्रत्येक कॉलपुढे छोट्या अक्षरांतलं नाव लिहिलेलं. डेटाबेस दुरुस्त करता आला असता, पण मग हिशोब केला: वर्षाला ४० जीबी, डिस्क १ टीबीची. पंधरा-वीस वर्षं जागा पुरणार आहे, मी नेमकं काय वाचवत होतो? छोट्या फाइली पुसल्या, मूळ फाइली जुन्या यंत्रावरून परत आणल्या. अडीच तास.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

बदलीचा दिवस. ऑफिस बंद, वॉचमन काका आणि मी. काकांनी घरून शाबूची खिचडी आणलेली, त्यामुळे सुरुवात चांगली झाली.

१०:०० जुन्या यंत्रावर अ‍ॅस्टेरिस्क बंद. आरसिंकची दुसरी खेप, फक्त २४ जूननंतरच्या फाइली, तिरक्या रेघेसकट. ४ मिनिटं. कॉलच्या डेटाबेसचा ताजा डम्प. जुन्या यंत्राचा आयपी पत्ता नवीनला दिला, म्हणजे ३४ फोनांत पत्ता बदलायला नको.

१०:४० जोडलेले फोन: ०.

११:५० कळलं. जुन्या यंत्रावर चॅन-सिप ५१६० पोर्टवर ऐकायचं आणि सगळे फोन त्याच पोर्टला हाक मारतायत. नवीन यंत्रावर ५१६० ला कोणीच बसलेलं नाही, पीजेसिप ५०६० वर. चाचणीचा फोन चालला तो मी पोर्ट हाताने भरलं म्हणून. एखादा फोन त्याच्या जुन्या सेटिंगसकट नवीन यंत्रासमोर ठेवून बघितला असता तर पंधरा दिवस आधीच उलगडलं असतं. चाचणी म्हणजे जे उद्या होणार आहे तेच आज करून बघायचं. मी सोयीचं करून बघितलं.

उपाय दोन. एक, ३४ फोनांच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट बदलायचं. दुसरा, पीजेसिपला ऑफिसच्या कार्डावर ५१६० द्यायचं आणि लाइनवाल्या कार्डावर ५०६० राहू द्यायचं. कार्डनिहाय वेगळं पोर्ट देता येतं. दुसरा केला. पोर्ट बदलल्यावर नुसतं रीलोड (सेटिंग परत वाचायला लावणं) पुरत नाही, अ‍ॅस्टेरिस्क पूर्ण बंद करून चालू करावं लागतं. यात आणखी वीस मिनिटं गेली, कारण मी तीनदा रीलोडच करत बसलो.

१२:३० फोन: ३३. एक रिसेप्शनचा, बंद करून चालू केला, ३४.

१२:३५ बाहेरची लाइन: बंद. सेटिंग सगळं बरोबर, कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर नाही. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. फ्रीपीबीएक्सचा बॅकअप फ्रीपीबीएक्सचाच असतो. खालच्या लिनक्सची मांडणी त्यात येत नाही. कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता दुसऱ्या कार्डावरून आहे, हे जुन्या यंत्रावर एका छोट्या रूट फाइलमध्ये लिहिलेलं होतं. २०२० साली सर्व्हर बसवणाऱ्या मुलाने लिहिलं आणि तो पुढे पुण्याला गेला. जुनं यंत्र चालू करून फाइल वाचली, ओळ नवीन यंत्रावर लिहिली, लाइन लागली.

काकांना ऑफिसच्या फोनवरून माझ्या मोबाइलवर फोन लावायला सांगितलं. रिंग वाजली, मी उचलला. दोघंही "हॅलो, हॅलो". कोणालाच काही ऐकू येईना.

त्या फाइलमध्ये दोन ओळी होत्या. पहिली कॉल जोडणाऱ्या सर्व्हरसाठी, दुसरी आवाजासाठी. कंपनीचे ते दोन पत्ते वेगळे आहेत. मला दोन्ही ओळी सारख्याच वाटल्या, शेवटचा आकडा सोडून, म्हणून एकच उतरवली. कॉल जुळत होता आणि आवाज भलत्याच दारातून बाहेर जात होता. दुसरी ओळ लिहिली. काकांचा आवाज आला, "आता बरूबर येतंय बघा, साहेब."

गोडाऊनची मोठी घंटा वाजवणारा कोड ६०० चालला नाही. तो कस्टम (हाताने लिहिलेल्या) फाइलमध्ये होता आणि ती फाइल मी बॅकअपमध्ये घातलीच नव्हती. हाताने उतरवली. व्हॉइसमेल तिघेच वापरतात, फोल्डर उचलून ठेवलं, चाललं.

बाहेरून फोन केल्यावर "कार्यालय आज बंद आहे" हा संदेश वाजला. रविवार, बरोबर आहे. टिक मारली आणि ४ वाजता घरी.

७ जुलै, सोमवार

९:३० ला ऑफिस उघडलं. १०:१५ ला रिसेप्शनच्या ताई: "सर, आज एकपण फोन नाही. आषाढीचे सगळे पंढरपुरातच राहिले का काय?"

बाहेरून फोन करून पाहिला. "कार्यालय आज बंद आहे."

नवीन यंत्राचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. सकाळी साडेनऊला सर्व्हरच्या हिशोबाने पहाटेचे चार वाजलेले, म्हणजे ऑफिस बंद. असंच सोडलं असतं तर दुपारी ३ ला उघडलं असतं. काल रविवार असल्याने चुकीचं उत्तरही बरोबरच दिसलं. सुट्टीच्या दिवशी चाचणी घेण्याचा हा तोटा मला आधी कोणी सांगितला नव्हता.

वेळ आशिया/कोलकाता केली, फ्रीपीबीएक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये पीएचपीची वेळ वेगळी असते तीही बदलली, अ‍ॅस्टेरिस्क बंद-चालू. १०:४० पासून फोन सुरू. सव्वा तासाचे फोन गेले. मालक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आज सकाळच्या आतल्या-आतल्या काही रेकॉर्डिंगच्या नावात साडेपाच तास मागची वेळ आहे. तशीच ठेवली, वर सांगितलंय का ते.

८ जुलै

आजची तक्रार मात्र ऐकण्यासारखी. तासगावच्या एका जुन्या ग्राहकाने ताईंना विचारलं, "परत लॉकडाऊन लागलाय व्हय?"

बाहेरून फोन करून ऐकलं. खरंच. "शासनाच्या निर्देशानुसार आपलं कार्यालय दुपारी दोन वाजेपर्यंतच सुरू राहील..." २०२० चा स्वागत संदेश. ऑफिसमधल्या फोनवरून तोच मेनू लावला, तर नेहमीचा, २०२२ चा. आतून नवीन, बाहेरून जुना. सर्व्हर एक, मेनू एक, संदेशाचं नाव एक.

यावर सहा तास गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅस्टेरिस्कच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या फाइलीचं नुसतं नाव असतं, शेपूट नसतं. त्या नावाच्या जितक्या फाइली फोल्डरमध्ये असतील, त्यातली चालू कॉलच्या कोडेकला (आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीला) सर्वांत स्वस्तात पडणारी तो उचलतो. आमच्या फोल्डरमध्ये त्या नावाच्या दोन होत्या. एक वेव्ह, २०२२ ला बदललेली. दुसरी ए-लॉ या कोडेकमधली, २०२० ची, कोणीतरी हाताने बनवून ठेवलेली आणि विसरलेली. जुन्या यंत्रावर लाइनला म्यू-लॉ हा कोडेक पहिल्या पसंतीचा होता, त्यामुळे वेव्ह उचलली जायची आणि ए-लॉची फाइल तीन वर्षं गप्प पडून होती. नवीन यंत्रावर मी लाइनला ए-लॉ पहिला ठेवला, कारण आपल्याकडच्या टेलिफोन लाइनचा तोच कोडेक. बाहेरून आलेला कॉल ए-लॉ, शेजारी ए-लॉची तयार फाइल, काहीही बदलायचं काम नाही, मग तीच वाजणार. टेबलवरचे फोन म्यू-लॉवर, त्यांना वेव्ह.

मी सहा तास मेनूची सेटिंग, कॅश, डेटाबेस सगळं उलटसुलट केलं. फोल्डरमध्ये जाऊन फाइली तारखेप्रमाणे लावून बघायला एक मिनिट लागतं, ते शेवटी केलं. एक फाइल पुसली, लॉकडाऊन उठला.

नंतर पूर्ण फोल्डर तपासला. एकाच नावाच्या, वेगळ्या तारखांच्या आणखी चार जोड्या निघाल्या. त्यात एक २०२१ चा दिवाळी सुट्टीचा संदेश.

होल्डवरची बासरीही आज बदलली. जुनी एमपी३ टेलिफोनवर फाटत होती. सॉक्सने (आवाजाच्या फाइली बदलायचं साधन) ८,००० हर्ट्झ, एक चॅनेल, १६ बिट केली आणि आवाज निम्म्यावर आणला. लॅपटॉपवर मऊ वाटते ती फोनवर बरोबर बसते.

१० जुलै

गोडाऊनचे सहाही फोन अर्धा तास बंद, थोडा वेळ चालू, परत बंद. सोमवारपासून चाललंय म्हणे. मला आज सांगितलं, कारण "आपोआप येतंय की परत".

अर्धा तास म्हणजे फेल-टू-बॅन. चुकीच्या पासवर्डने वारंवार दार ठोठावणाऱ्या पत्त्याला तो काही वेळ हाकलून देतो. गोडाऊनचे फोन त्यांच्या राउटरमागे आहेत, सर्व्हरला सहाही एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. त्यातल्या मापाडी बसतात तिथल्या फोनात दुसरी लाइन म्हणून एक जुनं एक्स्टेंशन राहिलेलं, पासवर्ड चुकीचा. जुन्या यंत्रावर फेल-टू-बॅन बंदच होता, त्यामुळे तो फोन वर्षानुवर्षं दार ठोठावत होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. एकाच्या चुकीची शिक्षा सहांना. ती दुसरी लाइन काढली. गोडाऊनचा पत्ता विश्वासातल्या यादीतही टाकला असता तर लगेच सुटलं असतं, पण मग पुढची अशी चूक दिसली नसती. टाकला नाही.

१६ जुलै

पहिली खरी परीक्षा. विट्याकडच्या ग्राहकाचं म्हणणं, मार्चमध्ये त्यांनी ४० सेंटिमीटर अंतराची लॅटरल (ठिबकची नळी) सांगितली होती, आली ५० ची. आमच्या विक्रीतल्या पोराचं म्हणणं, त्यांनी ५० च सांगितलं. नंबर टाकला, मार्चचे तीन कॉल आले, दुसऱ्यात बोलणं सापडलं. ग्राहक स्पष्ट म्हणतात "चाळीसची द्या", आणि आमचा पोरगा मागे कोणाशी तरी बोलत "हां, पन्नास" म्हणतो.

माल बदलून दिला. रेकॉर्डिंग दोन मिनिटांत सापडल्याचा आनंद फक्त मला झाला.

२ ऑगस्ट

एकूण खर्च २४,०७० रुपये. वेळ अंदाजे ४५ तास, त्यातले निम्मे वर लिहिलेल्या चुकांचे.

जुनं यंत्र महिनाभर बाजूला बंद ठेवलं होतं. या महिन्यात त्यातली रूट फाइल, कस्टम फाइल आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधली एक ओळ (रोज रात्री बॅकअप दुसऱ्या डिस्कवर नेणारी, तीही मी विसरलो होतो) अशा तीन गोष्टींसाठी ते परत चालू करावं लागलं. आज डिस्क काढून कपाटात ठेवली. त्यावर ग्राहकांचे नंबर आणि आवाज आहेत, त्यामुळे भंगारात देणार नाही. फळ छाटणीचा हंगाम निघाला की पुसून, भोकं पाडून मगच. डिस्कवर चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर "नोव्हेंबर" एवढंच लिहिलंय. मालकांनी ती वाचून विचारलं, "चालतीय का अजून?"